हरेश्वरकाकांच्या वतीनं

"नलूमावशी, धाव! दिपेश आमचं घर विकतोय. अंधेरीला, रजिस्ट्रार ऑफिसात! आणि चार दिवस बाबांशी बोलूपण देत नाही!"

शेजारच्या विनिताचा फोन. निवृत्त हवालदार नलिनीनं देव्हाऱ्यातला एकवीरा आईचा फोटो उचलला, वाटेत हार घेतला आणि रिक्षा पकडली.

वर्सोव्याचं ते घर विनिताच्या बाबांचं, हरेश्वरकाकांचं. काकांचा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी पुतण्याला, दिपेशला मुखत्यारपत्र दिलं. तेव्हापासून काका त्याच्याकडेच, केळव्याला.

ऑफिसात दिपेश नवी टोपी घालून बसला होता. शेजारी गिऱ्हाईक, समोर विनिता.

"टोपी काढ रे," मावशी म्हणाली.

चकाचक टक्कल. मिशीपण साफ.

"तिरुपतीला गेलेलो. काकांसाठी नवस होता."

"बरे झाले?"

"एकदम झकास! त्यांनीच सांगितलं, घर विकून टाक."

"मग लाव फोन."

"झोपलेत."

"कालपण झोपलेले!" विनिता ओरडली.

"म्हातारा माणूस झोपणारच ना!"

मावशी गालात हसली. तिनं फोटो टेबलावर ठेवला. "बरोबर बोलतोस, राजा. शुभ काम आहे. आईला हार घाल आणि मग सही ठोक."

दिपेश खुर्चीसकट मागे सरकला. "हात उष्टे आहेत."

"नळ आहे तिथे."

"नको म्हटलं ना, मावशी!"

"का रे? कोळ्याचा पोरगा, नवस फेडून आलेला, आणि आईला शिवायला घाबरतो?" मावशी रजिस्ट्रार साहेबांकडे वळली. "साहेब, याला सूतक आहे. हे टक्कल नवसाचं नाही, अग्नी दिल्याचं आहे. हरेश्वरकाका गेले. देणारा मेला की मुखत्यारपत्रपण मेलं, म्हणून यानं मरण लपवलं. बहिणीचं घर ढापताना हात कापला नाही याचा, पण सूतकात देवाला हात लावायची फाटली!"

साहेबांनी कागद ओढून घेतले. "जिवंत असतील तर फोन लाव. नाहीतर पोलिसांना मी लावतो."

दिपेशनं फोन काढलाच नाही. गिऱ्हाईक कधीच सटकलं होतं.

"मी काकांचं सगळं रीतसर केलं गं, विनू," तो पुटपुटला. "आईशप्पत."

"कधी गेले?"

"गेल्या सोमवारी."

विनितानं त्याची कॉलर धरली. घराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"अस्थी कुठायत माझ्या बाबांच्या?"

"केळव्याला. घरात आणत नाहीत, म्हणून अंगणातल्या माडाला बांधल्यात."

"चल, ऊठ. माझ्या हातात दे. पोलीस तिथेच येतील."