सुगनाचं उष्टं

श्रावणात आमच्या जयपुरात कुणी घरात बसत नाही. रविवार उजाडला की गलत्याला, आमेरला, जयगढच्या पायथ्याला, जिथे म्हणून थोडी सावली असेल तिथे धूर दिसतो आणि तुपाचा वास येतो. या सहलीला आम्ही गोठ म्हणतो. सगळं घर उचलून डोंगरावर न्यायचं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बाट्या भाजायच्या आणि ऊन कलेपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढत जेवायचं. आमच्या घरची गोठ दरवर्षी नाहरगढावर ठरलेली. का ठरलेली, ते मला लग्नानंतर दुसऱ्या श्रावणात कळलं आणि तेव्हापासून तो गड माझ्या डोक्यात गेला.

सुगनाला तो आवडायचा.

सुगना म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तापाने गेली. मी बिजवराला दिलेली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती माझ्या गळ्यात होती, आणि हे मी म्हणायचं म्हणून म्हणत नाही. आमच्याकडे दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर डोक्यावर पदर घेतलेली बाई. आमच्या सोनाराने तिला नाक-डोळे कोरले नव्हते, चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा होता. गोडाधोडाचा पहिला घास तिला दाखवायचा. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी तिला लावायचा आणि मग आपल्या अंगावर घ्यायचं. म्हणजे बांगडी तिची उष्टी, सणाचा गोड घेवर तिचा उष्टा, ओढणी तिची उष्टी. नवरा तर काय, उष्टाच मिळाला होता.

मी चांदपोलजवळच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण मत्सराला विश्वास लागत नाही, तो असतोच. जिवंत सवत असती तर एखाद्या दिवशी तिच्या झिंज्या उपटून मोकळी झाले असते. मेलेलीशी भांडायचं कसं? तिची भाजी कधी करपत नाही. तिचे केस पिकत नाहीत. ती नवऱ्याला उलटून बोलत नाही.

माझे यजमान दामोदरजी जौहरी बाजारात पाचूचे खडे पारखायचे. माणूस भला. माझ्याशी नेहमी व्यवस्थित वागायचे. पगार विचारला नाही, हात उगारला नाही, आजारपणात औषध आणून दिलं. सगळं व्यवस्थित. ते 'व्यवस्थित'च मला डाचायचं. खडा भिंगाखाली धरला की त्यांचे डोळे जसे लकाकायचे, तसे ते माझ्याकडे बघून एकदाही लकाकले नाहीत.

त्या वर्षी तीजेच्या सणाआधी सासूबाईंनी मला नवं लुगडं आणलं, लहरिया. हिरवा, त्यावर पिवळ्या तिरक्या लाटा, काठाला जरीचा गोटा. इतका सुंदर की मला तो कुणाबरोबर वाटून घ्यावासा वाटेना. गोठीच्या सकाळी मी टाक गळ्यातून काढला, न्हाणीघरातल्या खिळ्याला अडकवला आणि कोरा लहरिया थेट माझ्या अंगावर घेतला.

"पहिला पदर सुगनाला लावलास ना गं, बींदणी?" सासूबाईंनी विचारलं.

"लावला, माँसा."

सासूबाई नेहमी म्हणायच्या, गळ्यात आहे तोवर ती तुझी बहीण, उतरवलीस की सवत. मी मनात म्हटलं, सवत तर सवत. एक दिवस तरी मी एकटीच जाईन.

गडावर ढगाळ होतं आणि मोर ओरडत होते. सासरे कडुनिंबाखाली सतरंजीवर बसले, त्यामुळे माझा घुंघट हनुवटीपर्यंत. नणंद शारदा बाट्या वळत होती, मी डाळ ढवळत होते. बाट्या निखाऱ्यात गेल्या आणि दामोदरजींनी हात झटकले.

"जरा वर जाऊन येतो."

दरवर्षी हेच वाक्य. दरवर्षी ते महालात जायचे आणि खूप वेळाने, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत यायचे.

"चालले भैया राणीवशात!" शारदा म्हणाली. "राण्या नऊ, पण भैयाची कोठी एकच ठरलेली."

"तोंड आवर," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या अंगावरच्या लहरियाकडे एकदा बघून त्यांनी मला खुणावलं. "तूही जा त्याच्या मागोमाग. लवकर आण त्याला. बाट्या निघतील आता."

वरच्या महालात नऊ राण्यांच्या नऊ कोठ्या आहेत. तोच जिना, तीच खिडकी, तीच रंगवलेली फुलं, कोपऱ्यात तेवढंच स्वयंपाकघर. एकीला जास्त आणि एकीला कमी मिळालं असं वाटून मत्सर होऊ नये म्हणून राजाने सगळ्या सारख्या बांधल्या म्हणतात. सगळ्यांना जोडणारा बोळ मात्र असा काढला की राजा आज कुणाकडे गेला ते बाकीच्यांना कळू नये. बायकांविषयी राजेलोकांना किती कळत होतं ते त्या बोळात उभं राहिलं की समजतं.

आत गारवा होता. ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांचा वास होता. रविवार असूनही वर कुणी दिसेना. नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी "अहो, ऐकलंत का?" म्हटलं.

"अहो, ऐकलंत का?" पलीकडच्या कोठीतून आलं.

घुमटात आवाज फिरतोच. मी गणिताची बाई, मला ते माहीत होतं. पण त्यावर "आलो, आलो," असं उत्तर आलं. तो आवाज दामोदरजींचा होता आणि तो माझ्यापासून लांब जात होता.

मी त्या कोठीत गेले. रिकामी. पुढच्या कोठीत गेले. तीही रिकामी, पण खिडकीत पानाच्या द्रोणात जांभळं होती. दोनचार खाल्लेली होती आणि बिया अजून ओल्या होत्या.

मग हसण्याचा आवाज आला. कुणी पोटात गुदगुल्या केल्यावर हसावं तसे ते हसत होते. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. त्याच्या मागे हलक्या आवाजात एक बाई गात होती.

माझ्या डोक्यात भूत आलं नाही. बाई आली. बाजारातली, शेजारची, कुणीतरी जितीजागती. खरं सांगते, मला हायसं वाटलं. जित्या बाईला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. मी लहरिया खोचला आणि बोळातून धावत सुटले.

एका वळणावर पदर दिसला. हिरवा, पिवळ्या लाटांचा, काठाला गोटा. क्षणभर मला वाटलं, माझाच पदर वाऱ्याने पुढे उडालाय. मी डोक्यावर हात नेला. माझा पदर जागच्या जागी होता.

वळणापलीकडे कोठी होती, आणि कोठीत कुणी नव्हतं.

मी सगळा महाल फिरले. शेवटी कुठल्या जिन्याने खाली उतरले तेही आठवत नाही. सतरंजीवर पोहोचले तेव्हा बाट्या मोडून झाल्या होत्या. दामोदरजी जेवून ताक पीत होते.

"आता पुन्हा कुठे गेली होतीस?" सासूबाई म्हणाल्या.

"पुन्हा?"

"हात धुवायला एवढा वेळ?" शारदा हसत म्हणाली. "आणि भाभी, काय हो हे! घुंघटाआडून भैयाला चूरमा भरवत होतात. बाबासा पाठमोरे होते म्हणून बरं. आम्ही काय आंधळ्या आहोत?"

माझ्या जागेवर माझं ताट होतं. पुसून लख्ख केलेलं, कडेला तुपात माखलेल्या बोटांचे ठसे. माझी बोटं कोरडी होती.

"आज पहिल्यांदा पोटभर जेवलीस बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "एरवी नुसता चिवडत बसतेस. अशीच राहत जा, बींदणी. घर कसं घर वाटतं."

माझ्या पोटात भुकेने कावळे ओरडत होते. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दामोदरजींनी माझ्याकडे बघितलं.

त्यांचे डोळे लकाकत होते.

मी तोंड मिटलं.

सासऱ्यांचा डोळा लागलेला बघून ते माझ्याजवळ सरकले आणि पुटपुटले, "ते गाणं पुन्हा म्हणशील ना वर?"

"कुठलं गाणं?"

"चेष्टा पुरे. इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस हे सगळं? तू हो पुढे. मी आलोच."

मला गाता येत नाही. शाळेच्या प्रार्थनेतही मी नुसते ओठ हलवायचे. ती नजर ज्या बाईसाठी होती ती मी नव्हे, हे मला स्वच्छ कळत होतं. ती माझ्या ताटात जेवली होती, तिने माझ्या नवऱ्याला भरवलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांना ती माझ्यापेक्षा आवडली होती. मला तिचा असा संताप आला की कानशिलं तापली. आणि तरीही मी उठले. ती नजर मला हवी होती. उष्टी तर उष्टी.

मी वर गेले. जिन्याजवळची पहिली कोठी धरली, खिडकीत बसले, पदर सारखा केला. काय बोलायचं तेही ठरवलं. गाणं नंतर म्हणेन, आधी जवळ बसा, असं म्हणणार होते.

खाली त्यांची पावलं वाजली.

ती जिना चढू लागली. मला धीर निघेना. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि दोन पायऱ्या उतरले.

ते वर बघून थांबले. मग भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्यांनी नजर खाली वळवली. परक्या बाईला वाट देताना आमच्याकडचे पुरुष उभे राहतात, तसे.

"या, आधी तुम्ही उतरा."

"अहो," मी म्हटलं. "मी आहे."

ते नजर खाली ठेवून मी उतरायची वाट बघत राहिले.

मी घुंघट वर केला. दिवसाचा उजेड जिन्याच्या खिडकीतून थेट माझ्या तोंडावर पडत होता.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दचकले नाहीत, घाबरले नाहीत. गर्दीत ओळखीचं माणूस वाटावं आणि ते नसावं, एवढाच ओशाळा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"माफ करा हं, बाई. आमच्या हिचाही लहरिया अगदी असाच आहे. घोटाळा झाला."

माझ्या अंगाला अंग लागू न देता ते वर गेले. दोन दोन पायऱ्या एकदम.

मी तिथेच उभी राहिले. हाक मारावी तर नाव घेता येत नव्हतं.

वरच्या कोठीत बांगड्या वाजल्या. मग बाईचा आवाज आला. गाणारा नव्हे, बोलणारा, थोडा चिरका, धुसफुसणारा. तो सूर मी चांगला ओळखत होते. इतकी वर्षं तो माझ्या तोंडून निघत होता.

"कोण होती हो ती जिन्यात? कुणाशी बोलत होतात?"

"कुणी नाही गं," ते म्हणाले.