बाटल्यांच्या खोलीची खिडकी

खुर्ची रिकामी होती.

दामिनीने खुर्चीखाली पाहिलं, बाकाखाली पाहिलं, पाण्याच्या माठामागे पाहिलं. निळी फाइल कुठेच नव्हती. पीएचडीची पदवी, सेटचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, साऱ्या मूळ प्रती त्या एका फाइलीत होत्या. पाच मिनिटांपूर्वी ती इथेच होती.

गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा सहा वर्षांनी निघाली होती. मुलाखतीला चौघांना बोलावलं होतं, आले दोघंच. दामिनी आणि गजेंद्र, नागपूरच्या एकाच विभागात शिकलेले. ही जागा हुकली की दामिनीचं वय पुढच्या जाहिरातीची वाट पाहण्यात जाणार होतं. सासरी हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि काही जण त्याचीच वाट पाहत होते.

"मूळ कागद नाही तर मुलाखत नाही," हेडक्लार्क खेमराज दारातून म्हणाला. "नियम आहे मॅडम."

"तुम्हीच मला सहीसाठी ऑफिसात बोलावलं. तेवढ्यात फाइल गेली."

"म्हणजे आम्ही चोर का? चार कागद सांभाळणं होत नाही आणि पोट्ट्यांचं कॉलेज सांभाळायला निघाल्या. साडेबारापर्यंत थांबतो. मग गजेंद्रभाऊचं नाव पुकारतो."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

गजेंद्र कोपऱ्यात बसून बुटाची लेस बांधत होता.

"तू इथंच होतास ना?" दामिनीने विचारलं.

"होतो. फोन आला, व्हरांड्याच्या टोकाला गेलो. इथं नीट रेंज नाही."

"किती वेळ?"

"तीन-चार मिनिटं. पोलीस झाली का तू?"

"खोलीत कोण होतं मग?"

"कोणी नाही. आणि ऐक, माझ्यावर ढकलू नको. सात वर्षं मी भुंगेरे टाचून राहिलो. कोरडं काम, पेटीतलं. तुम्ही माशांवाले आमच्याकडे बघून नाक मुरडायचे. आज तुझी फाइल गेली तर मला दुःख होऊन राहिलं, असं मी बोलणार नाही. पण हात नाही लावला."

बाहेर कडुलिंबाखाली रेणू उभी होती, कडेवर दामिनीची चौदा महिन्यांची टुनी. डबीतले मुरमुरे एकेक करून टुनीच्या तोंडात जात होते. रेणू आणि दामिनी नागपूरला एकाच प्रयोगशाळेत होत्या, नवेगाव बांधच्या तलावातल्या माशांवर. लग्नानंतर रेणूची पीएचडी अर्ध्यात सुटली. पण महिनाभर रोज दुपारी फोनवर तिनेच दामिनीची खोटी मुलाखत घेतली होती. प्रश्न आला की घाई करू नको, येत नसेल तर येत नाही म्हण, गोल गोल फिरू नको. आज पोरीला सांभाळायलाही ती आपणहून आली होती.

"रेणू, कोणी फाइल घेऊन जाताना दिसलं?"

"नाही गं. मी इथून हललीच नाही." रेणूने टुनीचं टोपडं नीट केलं. "त्या गजेंद्रची बॅग पाहिली?"

"पाहिली. त्याचेच कागद आहेत. आणि ऑफिसातून फाटक दिसतं, कोणी बाहेर गेलं नाही."

म्हणजे फाइल आवारातच होती.

तेवढ्यात मागच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. शिपाई उदाराम काठी घेऊन एका वानरामागे धावत होता. वानर खिडकीच्या चौकटीवर बसून काहीतरी वेचून खात होतं.

"हट! हट बे!" वानर उडी मारून पसार झालं. "कोणं उघडली ही खिडकी? दहा वाजता मी सोता कडी लावली होती!"

"ही कसली खोली आहे, उदारामजी?"

"बाटल्यांची. जुने मासे, साप, बेंडक्या. सुट्ट्या लागल्या, आठ दिवसांपासून पोट्टे फिरकले नाहीत इथं."

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. दामिनी आत शिरली. मागोमाग गजेंद्र आणि खेमराज. भिंतीशी एकच लाकडी कपाट.

गजेंद्रने सरळ जाऊन कपाट उघडलं आणि आत डोकं घातलं. पुढच्याच क्षणी तो खोकत मागे आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "काय जहर भरलं आहे बे यात!"

जुन्या बरण्यांची झाकणं तडकलेली होती. मासे टिकवायचं औषध, फॉर्मलीन, कपाटात कोंडून बसलं होतं. दामिनीचा हात मात्र कपाटाकडे गेलाच नव्हता. तो आपोआप खिडकीच्या कडीकडे गेला होता. कडी उघडीच होती. चौकटीच्या फटीत वानराच्या हातून सुटलेले चार मुरमुरे अडकले होते.

तिने ते दाणे वेचून मुठीत घेतले.

मग नाकाला पदर लावून तिने खालच्या फळीवरच्या बरण्या बाजूला केल्या. मागे निळी फाइल आडवी पडली होती. कागद सगळे होते.

"सापडली? वा!" खेमराज हसला. "आता मी समितीला काय सांगू? स्वतःच लपवली, स्वतःच शोधली. दया यायला पाहिजे म्हणून. गोंदियात अशा नौटंक्या खूप पाहिल्या."

दामिनीने फाइल छातीशी धरली. "मग ऐकूनच घ्या. बाहेर चला."

कडुलिंबाखाली सगळे उभे राहिले. रेणूही तिथेच होती.

"या कपाटाचा अनुभव नसलेला माणूस काय करतो, ते आत्ता दिसलं. गजेंद्रने सरळ डोकं घातलं. खेमराजजी, तुम्ही काय केलं असतं?"

"तेच."

"ज्याने वर्षानुवर्षं फॉर्मलीनमध्ये काम केलं, तो आधी खिडकी उघडतो. विचार करून नाही, सवयीने. उदारामजींनी लावलेली कडी चोराने आधी काढली. म्हणजे चोर बाटल्यांतला माणूस. गजेंद्र भुंगेऱ्यांवाला, त्याला हे माहीत नाही."

"दुर्गाप्रसाद सरांना माहीत आहे," खेमराज म्हणाला. "विभागप्रमुख आहेत."

"ते सकाळपासून समितीत बसले आहेत. उरली मी. माझी फाइल गेली तेव्हा मी तुमच्यासमोर सही करत होते. तुम्हीच साक्षीदार."

खेमराजने मागे वळून खिडकीकडे पाहिलं.

"चोराने खिडकी परत लावली नाही. का? एका हातात फाइल, दुसऱ्या हातावर कोणीतरी. त्या कोणाला तरी खिडकीत बसवलं, गप्प राहावं म्हणून खायला दिलं. सुट्टीच्या दिवशी या कॉलेजात मुरमुरे खाणारं माणूस एकच आहे."

सगळ्यांची नजर टुनीकडे गेली. टुनी रेणूची वेणी चघळत होती.

"नाव घेऊन बोल ना," रेणू म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. "हो, मीच. गजेंद्र फोनवर गेला, तू ऑफिसात. पोरीच्या दुपट्याखाली फाइल घेतली. कपाट उघडायच्या आधी पोरीचे डोळे जळतील म्हणून खिडकी उघडली. तुझीच पोर."

"काऊन, रेणू?"

"काऊन? नवेगावच्या बांधात तीन वर्षं छातीएवढ्या पाण्यात कोण उभं राहिलं? ढिवरांच्या डोंग्यात बसून जाळं कोणं ओढलं? आणि पेपरमध्ये माझं नाव कुठं? शेवटच्या ओळीत. आभार!"

"ते आपल्या गाइड सरांनी ठरवलं होतं."

"आणि तू गप्प बसली. महिनाभर फोनवर माझंच काम माझ्याच तोंडून पाठ करून घेतलं. एकदा तरी म्हणाली का, रेणू, हे तुझं आहे?"

दामिनीने टुनीला ओढून घेतलं. टुनी रडली, रेणूची वेणी सोडेना. दामिनीने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"माझ्या लेकीला यापुढे हात लावायचा नाही."

"नाही लावत." रेणू फाटकाकडे चालू लागली. तिने वळून पाहिलं नाही.

"पोलिसात देता का?" खेमराजने विचारलं. त्याचा आवाज आता जरा खाली आला होता.

"नाही. माझं नाव पुकारा."

उदारामने हात पुढे केले, "पोरीले माह्यापाशी द्या, बाई." दामिनीने नकारार्थी मान हलवली आणि टुनीला कडेवर घेऊनच आत गेली.

दुर्गाप्रसाद सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेकरू घेऊन? ही मुलाखत आहे, लसीकरण नाही."

"बाहेर ठेवायला माझ्याकडे आज माणूस नाही, सर."

त्यांनी तिच्या शोधनिबंधाची पानं उलटली, एका तक्त्यावर बोट ठेवलं. "नवेगाव बांधचे पहिल्या तीन वर्षांचे नमुने. हे तुम्ही स्वतः गोळा केले?"

हो म्हटलं की झालं. निबंधावर नाव तिचंच होतं. टुनीचं रडणं थांबलं होतं, पण हुंदके चालू होते.

"नाही, सर."

"मग कोणी?"

"रेणू कटरे. आत्ता फाटकातून गेली ती."

समितीतल्या बाईंचं पेन थांबलं. दुर्गाप्रसाद सर खुर्चीत मागे रेलले. "मग यात तुमचं काय आहे?"

"चौथ्या वर्षापासूनचं सगळं," दामिनी म्हणाली आणि मुलीला मांडीवर बसवून फाइल उघडली.