चौपाटीचा टाइम साडेपाच ते साडेसहा

पैज लागली ती देवळीच्या बस स्टँडमागच्या पानठेल्यावर, फेब्रुवारी एकोणऐंशीत, आणि पैज लावणारे दोघंही चांगले शुद्धीवर होते. आनंदाकाकीला बोर धरणावर न्यायचं, हा मुंबईचा समुद्र आहे असं सांगायचं. तिला पटलं तर प्रभाकरराव मास्तरांनी बाजाराच्या दिवशी डोक्यावर घागर घेऊन ‘समुद्र प्या, समुद्र’ असं ओरडत बाजारभर पाणी पाजायचं. नाही पटलं तर तेच काम नत्थूजीनं करायचं. पानठेलेवाला साक्षीदार.

नत्थूजीचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं आणि लोकांना गंडवायचं व्यसन. पंचेचाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. एकदा रेडिओच्या रिकाम्या खोक्यामागं बसून त्यानं बातम्यांच्या आवाजात सांगितलं होतं, की उद्या देवळीत नळाला दूध येणार. दुसऱ्या दिवशी सात बायका खरंच पातेली घेऊन उभ्या होत्या. पण ही गंमत वेगळी होती, आणि ते मास्तरांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते भूगोलाचे मास्तर असूनसुद्धा यात पडले.

काकी नत्थूजीच्या शेजारी राहायची. एकटी. अठ्ठावन्न वर्षांची, सुपारीएवढी बाई. आई वारल्यावर नत्थूजीला तिच्याच चुलीवरची भाकर मिळालेली. काकीचा नवरा ऐन तरुणपणी मुंबईला गोदीत कापसाच्या गाठी उचलायला गेला होता. तिथून त्याची कार्डं यायची. एकात त्यानं लिहिलं होतं, की इथलं पाणी संपतच नाही, तुला एकदा दाखवीन. मग लढाई सुरू झाली, तो फौजेत गेला असं त्याच्याच कार्डावरून कळलं, आणि त्यानंतर काहीच कळलं नाही. फौजेच्या कचेरीला किती अर्ज केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. काकीनं कुंकू पुसलं नाही. लोकांनीही विषय काढायचं सोडून दिलं.

आता काचबिंदूनं तिची नजर चारी बाजूंनी मिटत आली होती. फुंकणीतून पाहावं तेवढंच दिसायचं. वर्ध्याच्या डॉक्टरनं नत्थूजीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता काही होणार नाही, महिनाभरात हेही जाईल, आणि छाती इतकी कमजोर आहे की लांबचा प्रवास करवू नका. त्याच दिवशी घरी येताना काकी म्हणाली, “नत्थ्या, डोये जायच्या आंदी मले समुद्र दाखवतं का? त्यायनं पाह्यला तो.”

नत्थूजी हो म्हणून बसला. म्हणजे आता गंडवणं आलंच.

त्यानं कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पानामागं सगळा बेत लिहून काढला. साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता बारा तासांत कापायचा होता, आणि तो पोटाच्या जोरावर. काकीला बाहेरचं खाणं भारी आवडायचं, पण बाईनं एकटीनं हॉटेलात बसायचं कसं, म्हणून जन्मात चार वेळा झालं असेल. तर सकाळी सातला वर्धा, पोहे आणि चहा, नाव भुसावळ. साडेनऊला पवनार, नदीकाठी बसून घरचे धपाटे, नाव नाशिक. बाराला केळझर, गणपतीला बाहेरूनच हात जोडायचे, पुढं झाडाखाली खानावळीत झुणका-भाकर, नाव कसाऱ्याचा घाट. साडेतीनला सेलूत कवडूचं हॉटेल, हे खुद्द मुंबई. आणि शेवटी ठळक अक्षरात, दोन रेघा मारून: चौपाटीचा टाइम साडेपाच ते साडेसहा.

“पाण्याची चव घेतली की संपलं तुझं,” मास्तर म्हणाले.

नत्थूजीनं खिशातून खडेमिठाची पुडी काढून दाखवली. पुडीला दोऱ्याच्या तीन गाठी होत्या. बाईला लोट्यातून पाणी चाखवायचं, लोट्यात आधी मीठ. 

जीप नत्थूजीचीच होती, लिलावात घेतलेली, उतारावर बरी चालणारी. पहाटे पाचला निघाले. पुढं नत्थूजी, मागं काकी आणि तिच्या समोरच्या बाकावर मास्तर. काकीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. भुसावळचे पोहे तिला फार आवडले. नाशिकला तिनं पाण्यात पाय सोडले आणि गोदामाईला नमस्कार केला, तो धाम नदीनं मुकाट्यानं घेतला. मधूनमधून नत्थूजी जीप फिरवून त्याच रस्त्यावर उलटा आणायचा. एका वडाला ते तीनदा ओलांडून गेले. केळझरला मात्र काकी थबकली.

“हा गनपती तं आपल्या केळझरासारखाच हाय रे.”

“गनपती कुठीबी सारखाच राह्यते, काकी.”

मास्तर तोंड फिरवून खांदे हलवत बसले.

सेलूत कवडूला आठवडाभर आधी पढवून ठेवलं होतं. मुंबईसारखं बोल, शेठ म्हण, बटाटेवडा पावात घालून दे. कवडूनं गल्ल्यावरून ‘काय देऊ शेठ’ वगैरे झकास म्हटलं. वडापावही दिला. आणि मग सवयीनं विचारलं, “तर्री टाकू का वरून?”

मास्तरांचा चेहरा उजळला. पैज जिंकलीच होती. तर्री विचारणारा माणूस नागपूर-वर्ध्याच्या बाहेर कुठं भेटणार?

काकीनं वडा खाली ठेवला. “मुंबईत बी तर्री भेटते?”

“आपल्याकडचाच हाय तो, काकी,” नत्थूजी म्हणाला. “घरून पयून आलता लहानपनी.”

काकी कवडूच्या दिशेनं बघत राहिली. मग तिनं त्याला हाक मारली आणि हळूच सांगितलं, की बाबू, घरी एक कार्ड टाकजो, माय वाट पाहून राह्यली असंल. कवडू हो म्हणाला आणि आत निघून गेला. नत्थूजीनं हातातला वडापाव बाजूला सारला. आतापर्यंत त्यानं शेकड्यानं लोक गंडवले होते, पण असं कधी झालं नव्हतं.

साडेपाचला ते धरणाच्या मागच्या अंगाला पोचले. भिंत दिसणार नाही अशी जागा त्यानं हेरून ठेवली होती. पाणी उतरून काठाला रुंद वाळवट पडलं होतं. पलीकडं डोंगर होते, पण काकीच्या फुंकणीत डोंगर मावणार नव्हते. तिला काठापासून चाळीस-पन्नास पावलांवर सतरंजी घालून बसवलं. तिघांच्या चपला पाण्याजवळ, सतरंजीच्या वाटेवर राहिल्या. वाऱ्याचं नाव नव्हतं. काठावर दुसरं माणूस नव्हतं.

काकी बराच वेळ पाहत राहिली. मान हळूहळू डावीकडून उजवीकडं, पुन्हा उजवीकडून डावीकडं.

“खरंच संपत नाई,” ती म्हणाली.

नत्थूजीनं मास्तरांकडं पाहून भुवया उडवल्या.

मग काकी म्हणाली, वास येते. कसला, तर ओल्या दोराचा, मासोळीचा. नत्थूजीनं नाक वर केलं. वास येत होता. धरणात मासेमारी होते, त्यात काय. मास्तरही हुंगत होते. त्यांच्या कपाळाची शीर थोडी वर आली होती.

“पाणी पाह्यजे काय चाखाले?” नत्थूजीनं विचारलं, आणि लोटा घेऊन पुडी सोडायला खाली वाकला. पण गाठी सुटेनात, आणि काकी तोवर उठून, चाचपडत पाण्यापर्यंत पोचलीसुद्धा. तो धावला. तिनं ओंजळ बुडवून जिभेला लावली होती.

“खारट हाय,” ती म्हणाली. आणि हसली.

नत्थूजीनं पुडी खिशात टाकली. म्हातारी सगळं ओळखून होती तर. पोराचं मन मोडू नये म्हणून खारट म्हणत होती. तो तिला धरून सतरंजीवर घेऊन आला, बसवलं, आणि मास्तरांना म्हणाला, की तुमी जिंकले, घागर मीच उचलतो.

मास्तर जागेवर नव्हते. ते पाण्याशी उकिडवे बसले होते, बोट तोंडात घालून. त्यांनी दुसऱ्यांदा बोट बुडवलं. तिसऱ्यांदा. मग थुंकले.

“तू मीठ कधी टाकलंस?”

नत्थूजीनं पुडी दाखवली. तिन्ही गाठी जागच्या जागी.

 वारा नव्हता, तरी पाणी काठावर येऊन फुटत होतं आणि मागं जाताना वाळू ओढल्यासारखा आवाज करत होतं. काकी त्या आवाजावर मान डोलवत होती, पाळण्यातल्या लेकराला झोपवावं तशी.

चपला तरंगायला लागल्या होत्या.

नत्थूजीनं त्या उचलून मागं ठेवल्या. वळून येईस्तोवर पाणी पुन्हा त्यांना लागलं. भिंतीचा कुठला दरवाजा उघडला असंल, तो म्हणाला. दरवाजा उघडला तर पाणी कमी होईल, मास्तर म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. सहाला तीन मिनिटं होती.

पाणी सतरंजीच्या टोकाला आलं.

“भरती,” मास्तर म्हणाले. वर्गात म्हणावं तसं, पण आवाज न काढता.

काकीनं ऐकलं. “कोनाची भरती, मास्तर?”

मास्तरांनी सवयीनं सांगितलं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढतं त्याला भरती म्हणतात. लोक मुद्दाम बघायला जातात.

काकीचे हात मांडीवर थांबले.

“म्हंजे हे फौजेतली भरती नाई?”

“नाही. पाण्याची.”

 पाणी काकीच्या पावलांवरून गेलं आणि परत आलं. मग तिनं नवऱ्याचं ते शेवटचं कार्ड म्हटलं. अडतीस वर्षांपूर्वीचं, शब्दाला शब्द.

“‘आज सायंकाळी सहा वाजता भरती आहे. तिथे जात आहे. भरती झाली की गावी येतो.’”

मास्तर खाली बसले, पाण्यातच.

“गावात तवा लढाईची भरती चालू होती,” काकी म्हणाली. “वाचनाऱ्यानं तसंच वाचलं. आपल्याकडं दुसरी भरती कोनाले माईत? मी त्यायले फौजेत शोधून राह्यली, आन ते इथिसा, पान्यात.”

नत्थूजीनं तिला खांद्याला धरलं. काकी, चाल, टाइम झाला, असं काहीतरी तो बोलला असेल.

“झाली का मास्तर, भरती?”

मास्तरांनी पाण्याकडं पाहिलं. ते थांबलं होतं. काठोकाठ, आरशासारखं.

“झाली,” ते म्हणाले.

काकीनं पदर सावरून डोक्यावरून पुढं ओढून घेतला, कपाळापर्यंत.

नत्थूजीनं तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा ती बाकाच्या कडेला सरकली, आणि उरलेल्या जागेवरची धूळ हातानं झटकली. मास्तर पुढं नत्थूजीजवळ येऊन बसले. का, ते त्यानं विचारलं नाही. देवळी येईपर्यंत कोणी मागं वळून पाहिलं नाही. मागून काकीचा आवाज येत होता, अगदी हलका. गावात कोण गेलं, कोणाच्या लेकीचं कुठं झालं, चिंचेचं झाड कधी पडलं, ते ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच एसटीनं बोरला जाऊन आले. पाणी गोड होतं. चौकीदार म्हणाला, पंधरा दिवसांत पातळी बोटभरही हललेली नाही. मास्तरांनी ते वहीत लिहिलं आणि पान फाडून टाकलं.

त्याच आठवड्यात काकीची उरलेली नजर गेली. तिनं आरडाओरड केली नाही. नत्थूजी सकाळ-संध्याकाळ हात धरायला जायचा, तर ती दारातूनच सांगायची, की तू कामाले जाय, मले कोनी लागत नाई.

बाजाराच्या दिवशी प्रभाकरराव मास्तर आपल्या विहिरीची घागर डोक्यावर घेऊन आले. पैज रद्द समजा, असं नत्थूजी आदल्या दिवशी त्यांना सांगून आला होता. मास्तर म्हणाले, तिला समुद्र पटला ना? मग मी हरलो. धोतराचा सोगा खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, आणि जन्मभर नकाशे शिकवलेल्या आवाजात ‘समुद्र प्या, समुद्र’. पोरं मागं लागली. भाजीवाल्या पदर तोंडात धरून हसल्या. पानठेलेवाला दोन गिलास प्यायला आणि गोड आहे म्हणून त्यानं तक्रार केली. नत्थूजी मोठमोठ्यानं हसत होता. हसायलाच पाहिजे होतं.

तेवढ्यात गर्दीतून काकी आली. काठी नव्हती. सोबत कोणी नव्हतं. बैलगाडीच्या धुऱ्याशी ती बरोबर वळली, केळीच्या सालीवरचं पाऊल अलगद बाजूला टाकलं. एक कोपर अंगापासून जरासं वर धरलेलं होतं. कपाळावर कुंकू मोठं, ताजं.

“मास्तर, दोन गिलास द्या.”

मास्तरांनी घागर उतरवून दोन गिलास भरले.  काकीनं एक डाव्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. उजव्या हातातला तिनं बाजूला, आपल्या डोक्यापेक्षा वीतभर वर केला आणि सोडून दिला.

गिलास पडला नाही.

बाजार आपल्या नादात होता. कोणी पाहत नव्हतं, नत्थूजी आणि मास्तर सोडून. खालची धूळ कोरडी होती. काकी पदर सावरून थांबून राहिली. तो गिलास रिकामा झाला, तिच्या हातात परत आला, आणि मगच तिनं आपला तोंडाला लावला.