पालथे घातलेले दगड

विहिरीवर धुण्यासाठी टाकलेल्या पांढऱ्या दगडांपैकी एकाची कड फुटली होती. फुटलेल्या जागी एक बारीक, गोल भोक उघडं पडलं होतं आणि त्यात करडं काहीतरी भरलेलं होतं. मरियमने नखाने ओरखडा काढला. ते चकाकलं.

"शिसं आहे," ती म्हणाली.

"बंदुकीची गोळी!" तिचा धाकटा भाऊ आमोस ओरडला. सुट्टी लागल्यापासून तो एखादी मोहीम शोधतच होता.

"वेडा कुठला! गोळी इतकी नीट बसते का? कुणीतरी भोक पाडून शिसं ओतलंय. दगडावर शिशाची अक्षरं बसवतात ना, तसं."

"पर आपल्याकडचा दगूड तर काळा," शेजारचा छगन म्हणाला. "ह्यो पांढरा आला कुठनं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माळाकडे धूम ठोकली!

माळावरच्या ठाण्यातली गोरी पलटण गेल्याच वर्षी कायमची निघून गेली होती. मागे राहिल्या रिकाम्या बराकी आणि पांढऱ्या दगडांचं एक कबरस्थान. इथे लढाई कधीच झाली नव्हती. पटकीच्या साथीत गेलेले शिपाई, त्यांच्या बायका आणि मुलं तिथे पुरलेली होती. राखण होती मरियमच्या बाबांकडे, म्हणजे कृपादान मास्तरांकडे.

कोपऱ्यातल्या कबरींवर दगडच नव्हते! भिंतीच्या खिंडारापाशी, वाळलेल्या चिखलात, वाकड्या चाकाच्या गाडीची चाकोरी उमटली होती.

"सूर्यभानकाकाची गाडी! चोर गावला!" छगनने टाळी वाजवली.

गाडीवान सूर्यभान अंगणात चाकाला वंगण घालत होता. पोरांचा आरोप ऐकून तो हसला नाही.

"चोरी न्हाई, पोरांनो. बायका चिखलात धुणं धुत्यात, ते दगड आन, असं मास्तरांनीच सांगितलं." मग मरियमकडे न बघता तो पुटपुटला, "अन् पालथे घाल म्हनले."

मरियमचे कान तापले. पालथे! म्हणजे वरची नावं दिसू नयेत म्हणून. बाबांना सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने विचारलंच, "बाबा, ते दगड परत कधी ठेवायचे?"

मास्तर दचकले. "बघू. पाऊसपाणी होऊन जाऊ दे. ती माणसं तर सातासमुद्रापलीकडे गेली. कोण विचारायला येणार आहे?"

"नाताळापासून 'बघू'च ऐकतेय मी," चुलीपाशी बसलेली आई, रोझी, म्हणाली.

मरियमने ताट बाजूला सरकवलं. बाबांची लाज वाटत होती आणि तशी लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

शनिवारी उजाडताच तिघं विहिरीवर पोचली. छगनने सूर्यभानची पहार मागून आणली होती.

"खाली धोंडा ठेव! आता दाब!" मरियम म्हणाली.

"तरफ!" आमोस धापा टाकत ओरडला. "पुस्तकातली तरफ खरंच चालते की!"

दगड कुरकुरला, कलला आणि उताणा झाला. मरियमने पाणी ओतून चिखल धुतला.

तेवढ्यात रविवारच्या उपासनेचे पांढरे कपडे घेऊन बायका आल्या. पुढे होत्या बनुबाई.

"अगं, दगड का उलटलात? आन् हे काय लिवलंय?"

मरियमने इंग्रजी सावकाश जुळवत वाचलं, "एलन. वय तीन वर्षं. आईवडिलांची लाडकी."

बनुबाईंनी कपड्यांचं बोचकं झटकन उचलून छातीशी धरलं.

"ह्या लेकराच्या नावावर मी उपासनेची लुगडी आपटत हुते?" त्यांनी मरियमच्या गालावरून हात फिरवला. "बरं केलंत, पोरांनो. आमी मोठी मानसं, पर कुनाला एवढं सुचलं न्हाई."

शाबासकी मिळाली, पण मरियमला मान वर करवेना. बायकांच्या मागे बाबा उभे होते.

ते पुढे आले. पाटीवरची धूळ पुसावी तसं त्यांनी धोतराच्या सोग्याने नाव पुसून लख्ख केलं. मग पहार न्यायला आलेल्या सूर्यभानला हाक मारली.

"बैल जुंप. सगळे दगड आजच परत जातील. आणि ते इथे कुणी आणवले, ते उद्या उपासनेत मी सर्वांपुढे सांगणार आहे."