लिंबाचा डाग

जुरेमा आवारात पोचली तेव्हा वाल्दिरचा फक्त उजवा हात दिसत होता. बाकीचा माणूस दगडाखाली होता.

कशुएरो शहरातल्या या दगडविक्रीच्या आवारात पुरुषभर उंचीच्या लाद्या लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिरक्या चौकटींवर, उभ्या ठेवतात. त्या कलू नयेत म्हणून पुढे एक दांडा खोचलेला असतो. आज एका घोडीवरच्या सगळ्या लाद्या आवाराच्या मालकावर, वाल्दिरवरच कोसळल्या होत्या. शिपायांनी क्रेनवाल्या जेनिव्हालला बेड्याही घातल्या होत्या.

"दांडा लावायला विसरलास?" इन्स्पेक्टर जुरेमाने विचारलं.

"मॅडम, मी जेवण विसरेन, दांडा नाही! माझा भाऊ असाच चिरडून गेलाय."

दांडा शेजारच्या घोडीला टेकवलेला होता. सरळसोट, कुठेही न वाकलेला.

जुरेमा खाली बसली. मेलेल्या मुठीत ओला रुमाल होता. तिने वास घेतला. लिंबू! उलटून पडलेल्या एका चकचकीत तुकड्यावर बशीएवढा निस्तेज डाग होता. फाटकाशी लिंबाचं झाड लगडलेलं. हात कुणाचाही पोचला असता.

ऑफिसात वाल्दिरचा धाकटा भाऊ ओस्मार बसला होता. समोर लेआंद्रा, हॉटेलं सजवणारी रिओची बाई.

"भावाशी भांडण होतं?"

"रोजचं! संगमरवर हा महागडा, टणक क्वार्टझाइट दगड म्हणून खपवायचा. क्वार्टझाइटला लिंबाने ढिम्म काही होत नाही, संगमरवर मात्र जळून डागाळतो. सांगून थकलो, दादा, एक दिवस मार खाशील."

लेआंद्रा शांतपणे कॉफी ढवळत होती.

"आणि तुम्ही, बाई?"

"नव्या हॉटेलसाठी दगड निवडायला आले. आवारात अजून पाऊलही टाकलं नाही."

जुरेमाने जेनिव्हालला आत बोलावलं.

"दांडा लावलाच नसता तर लाद्या केव्हाच कोसळल्या असत्या. तो वाकलेलाही नाही. म्हणजे लाद्या पडण्याआधी कुणीतरी तो उपसला. रुमाल ओला, म्हणजे डाग ताजा. वाल्दिर तो पुसायला वाकला होता. आता सांगा, लिंबू कोण चोळेल? हा दगड संगमरवर आहे हे जेनिव्हालला माहीत. ओस्मारलाही माहीत. ज्याला माहीत आहे तो कशाला तपासेल? तपासतो तो फसलेला. मालातली फसवणूक आत्ता ऐकल्यावर कुठलंही गिऱ्हाईक किंचाळलं असतं, लेआंद्राबाई. तुम्ही कॉफी ढवळत बसलात."

चमचा थांबला.

"मी सजवलेलं हॉटेल उघडलं त्याच रात्री बारच्या, इथूनच घेतलेल्या अख्ख्या ओट्यावर डाग उठले," लेआंद्रा म्हणाली. "प्रत्येक ग्लासाखाली एक. नंतर मला कुणी दारात उभं केलं नाही. आज त्याला त्याच दगडावर लिंबू चोळून दाखवलं, तर हसला. म्हणाला, 'रडता काय बाई, पुसतो आणि दुसऱ्याला विकतो.' आणि वाकला. दांडा माझ्या हाताशीच होता."

जेनिव्हालच्या बेड्या निघाल्या. आवारात जाऊन त्याने दांडा उचलला आणि रिकाम्या घोडीच्या भोकात घट्ट बसवला. मग दोनदा हलवून पाहिला.