टोपणनावाच्या हरकती

नगरपालिकेच्या आवक खिडकीवरचा कारकून मला बघून हसला नाही. त्याचे डोळे मात्र हसत होते, आणि त्याचाच मला राग आला.

आमच्या हरकती पोचल्या का, एवढंच विचारायला मी गेले होते. त्यानं एक्केचाळीस कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि वरचा कागद वाचला.

"हरकत घेणाऱ्याचं नाव — भांडखोर कावळा. पत्ता — झाडावर... आता मी रजिस्टरात काय लिहू?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

झालं होतं असं, की नदीवरचा जुना लोखंडी पूल, फक्त पायी जाणाऱ्यांचा, पाडायचं ठरलं होतं. अलीकडे आमचं घर, पलीकडे बाबांचं शिवणकामाचं दुकान, जिथं मीही रोज सकाळी जाते. पूल गेला की बाबांना दुखऱ्या गुडघ्यांनी दोन बस बदलून लांबचा वळसा घ्यावा लागणार, म्हणजे दुकानाला टाळंच. म्हणून मी ब्लॉग सुरू केला. पुलाखालच्या सकाळच्या धुक्यावर लिहिलं, गंजलेल्या कठड्यावर लिहिलं, आणि माणसं जमत गेली. मी 'काठावरची', बाकीचेही सगळे टोपणनावानं. लिहिताना मी वाघीण असते हो, पण समोर माणूस आला की माझी बोबडी वळते. मी लेखी हरकती द्या म्हटलं आणि मंडळींनी दिल्या, सवयीनं, टोपणनावांनीच. खरं नाव लागतं हे सांगायचं राहिलं ते माझंच.

शुक्रवारी पाचपर्यंत नाव, पत्ता, सही आली नाही तर सगळ्या बाद, असं कारकुनानं सांगितलं. सांगताना कागदांचे कोपरे जुळवत होता. इतकं जपून का, असं मी पुटपुटले.

"छान लिहिलंय लोकांनी," तो म्हणाला. "'खिडकीतली आजी' तर मी दोनदा वाचली."

घरी येऊन मी पोस्ट टाकली, खरी नावं द्या म्हणून. दोन दिवस ब्लॉगवर चिटपाखरू नाही. पहिलं नाव कोण देणार? बुधवारी दुपारी मी पुन्हा त्या खिडकीपाशी. कुणीच येत नाहीये, असं रडगाणं गायला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं नाव कुठंय?"

"माझं...? लोक हसतील. मला समोर बोलता येत नाही."

"आत्ता बोलताय की." त्यानं रजिस्टर उघडलं. "सांगा. मी हसणार नाही, नुसतं लिहीन."

मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तो सावकाश लिहीत होता, दिवसभर दुसरं कामच नसल्यासारखा. खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं, त्याच्या बोटाला निळी शाई लागली होती, आणि माझं रोजचंच नाव मला पहिल्यांदा आवडलं... मी जिना कशी उतरले, देव जाणे.

त्याच संध्याकाळी ब्लॉगवर माझं पूर्ण नाव गेलं. मग शुक्रवारी रांगच लागली. भांडखोर कावळा म्हणजे निवृत्त गणिताच्या बाई निघाल्या. वर्षभर प्रत्येक पोस्टखाली न चुकता लिहिणारे 'गुडघेदुखी' म्हणजे — माझे बाबा. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "पोरगी घरात बोलत नाही, मग काय करणार?"

तो कारकून मात्र खिडकीत नव्हता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेच्या शेवटी उभा होता, हातात घडी घातलेला कागद. खिडकीतला दुसरा कारकून त्याला दबक्या आवाजात समजावत होता, की कर्मचाऱ्यानं हरकत घेणं म्हणजे बदली ओढवून घेणं. त्यानं कागद दिला, पोच घेतली. काय लिहिलंय, मी विचारलं. सुनावणीत वाचतील, एवढंच म्हणाला आणि निघून गेला. आठ दिवस मला घास गोड लागला नाही.

सुनावणी सकाळी अकराला. सभागृह भरलेलं. अधिकारी बाई एकेक हरकत वाचत होत्या, आणि शेवटी सगळ्यांच्या वतीनं मी बोलायचं होतं. शेवटचा कागद उघडून बाईंनी चष्मा सारखा केला.

"मी पलीकडच्या काठावरून रोज पुलानं कामावर येतो. समोरून एक मुलगी येते. फोनवर काहीतरी लिहीत असते, वर बघत नाही. वर्ष झालं. तिनं एकदा वर बघेपर्यंत तरी पूल पाडू नये."

सभागृहात खसखस पिकली. मी पुलावर इतकं लिहिलं, आणि पुलावर कोण आहे तेच पाहिलं नव्हतं. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, कानापर्यंत लाल. नोकरी पणाला लावून या माणसानं हे लिहिलं होतं, आणि मी दोन वाक्यांना घाबरत होते.

मी उठले. "ती मुलगी मी," म्हटलं, आणि मग कुलूपच उघडलं. बाबांचे गुडघे, आजीची खिडकी, शाळेची पोरं... कागदाशिवाय सगळं बोलले. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी बराच वेळ लिहिलं, मग वाचून दाखवलं: पाडकाम रद्द, पुलाची दुरुस्ती करावी.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी तो शेवटचा कागद पुन्हा उचलला.

"ही हरकत माझ्या अधिकारात येत नाही. यावर तुमचंच म्हणणं नोंदवावं लागेल."

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नीट, पोटभर पाहिलं.

"मान्य आहे," मी म्हणाले.