गावाला गेलेली बत्ती

"बाई म्हणते आठ तास चालते, अम्मी. आता दुकानातल्या बाया काय, वाट्टेल ते सांगतात... कोण? बाई? बरी आहे दिसायला. अगं, तू बत्तीचं विचार ना!"

काउंटरमागे उभ्या असलेल्या सफूराने हसू कसंबसं दाबलं. आतापर्यंत ती त्याच्याशी हिंदीत बोलत होती आणि तोही अगदी शुद्ध दुकानी हिंदीत भाव पाडून मागत होता. जेद्दाच्या शरफियात, जिथे अर्धी गल्ली कोकणी, इलेक्ट्रिकच्या दुकानात उभं राहून, समोरच्या पोरीला मराठी येत नाही असं धरून चालणं हा शुद्ध गाढवपणा होता. पण तो गाढवपणा त्याने इतक्या निरागसपणे केला, की तिला त्याचा राग काही आला नाही.

"आठ तास म्हणजे आठ तास," ती मराठीत म्हणाली. "आणि बाया वाट्टेल ते सांगत नाहीत. बरी दिसणारी तर मुळीच नाही."

त्याचे कान लाल झाले. फोनमधून त्याच्या आईचं मोठ्याने हसणं सफूरालाही ऐकू आलं.

त्याचं नाव उमैर. कोकणातल्या दिघीकडचा. जेद्दाच्या बंदरात कंटेनरच्या यार्डात कामाला. त्या दिवशी तो काहीच न घेता पळाला आणि दुसऱ्या आठवड्यात परत आला. एक बल्ब घेतला. मग पिना, मग एक्स्टेन्शन बोर्ड, मग पुन्हा बल्ब.

"एका खोलीत दिवे तरी किती लागतात तुम्हाला?" तिने एकदा विचारलं.

"खोलीत सहा जण आहोत. अंधार फार पडतो."

"मग एकदाच सहा घेऊन जा की."

"मग पुढच्या आठवड्यात काय घेऊ?" असं म्हणून तो स्वतःच लाजला.

सफूराचे अब्बा, बदरुद्दीन, याच दुकानाची डिलिव्हरीची गाडी चालवत. मूळचे म्हसळ्याचे, पण उभा जन्म जेद्दात गेला. सफूरा इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली होती. बायकांना दुकानांतून नोकऱ्या मिळायला लागल्या तशी अब्बांनीच मुदीरला, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरला, सांगून तिला काउंटरवर लावलं. त्यामुळे घरातले दोन्ही पगार, दोन्ही इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, एकाच कफीलच्या, दुकानाच्या मालकाच्या, हातात. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग नवा माल आला. चार्जिंगचीच बत्ती, पण वर छोटा पंखा, बाजूला रेडिओ. कोकणात वारा सुटला की लाइट जायची ती जायचीच, त्यामुळे अशी वस्तू आपल्या माणसांना विकायला अक्कल लागत नाही. सफूरा येईल त्याला सांगे, "गावाला पाठवा. म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगी." माणसं घेत आणि कुणीतरी सुट्टीवर जाणारा शोधत. कोकणातला माणूस जेद्दाहून एकटा कधी जातच नाही, त्याच्या बॅगेत अख्खी खोली, अख्खी गल्ली जाते. एकाचं अत्तर, दुसऱ्याच्या पोरीचे बूट, तिसऱ्याच्या आईच्या गुडघ्यांचं मलम. बॅगवाल्याचे स्वतःचे कपडे मात्र इथेच राहतात.

त्या महिन्यात उमैरच्या खोलीतले हुसेनमियाँ सुट्टीवर निघाले होते. उमैर बत्ती घ्यायला आला तेव्हा सफूराने ती आधीच बांधून ठेवली होती.

"पैसे?"

"झाले."

"कसे झाले?"

"ही माझ्याकडून. तुमच्या अम्मींना." मग त्याच्याकडे न बघता तिने डब्याची दोरी उगाच पुन्हा घट्ट केली. "सांगा त्यांना... दुकानातल्या बाईने दिली म्हणून."

त्याने डबा काखेत घेतला. मग हळूच म्हणाला, "बरी दिसणाऱ्या बाईने, असं सांगतो."

तेव्हापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. उमैरची आई दर जुम्म्याला फोनवर सफूराला मागून घेई. "गो पोरी, तुझ्या बत्तीखाली मी कुराण वाचते," ती सांगे. "पंखापण लावते. शेजारणी जळतात." सफूरा लाजून हो, हो म्हणत राही. त्या काळात जेद्दाची चिकट उकाड्याची हवासुद्धा तिला गोड लागायची. प्रेमात पडलेल्या माणसाला काय कळतं!

आणि मग एका सकाळी कंपनीचा मेल आला.

बत्ती बराच वेळ चार्जिंगला राहिली की आतली बॅटरी फुगते, पेट घेऊ शकते. विक्री थांबवा, गिऱ्हाइकांना कळवा, माल परत घ्या. सफूराने तो दोनदा वाचला. मुदीरने मात्र शांतपणे शेल्फवरच्या बत्त्या आत नेल्या आणि काउंटरशी आला.

"कुणी तक्रार घेऊन आला, तर बदलून द्यायची. आपण होऊन कुणाला फोन करायचा नाही. सगळे परत आले तर दुकान बंद करावं लागेल. खलास."

"पण मुदीर, लोकांच्या घरात—"

"तुझ्या अब्बांचा इकामा नूतनीकरणाला माझ्या टेबलावर आहे," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "एक-दोन दिवसांत होईल. किंवा नाही होणार."

त्या दिवशी सफूराने उमैरला मेसेज लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. इतके महिने काही झालं नाही, एका दिवसाने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. आधी अब्बांचा इकामा होऊ दे, मग सांगू. अगदी सगळ्यांना सांगू. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका गोडबोल्या कुणी नसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमैर दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने काहीच विकत मागितलं नाही.

"बत्ती पेटली," तो म्हणाला. "काल रात्री. उशाशी चार्जिंगला होती. अंथरुणाने पेट घेतला... अम्मीने हातांनी उचलून अंगणात फेकली. हातांनी, सफूरा! दोन्ही हात गेलेत. डॉक्टर म्हणतात, डाव्या हाताची बोटं वाचणार नाहीत."

सफूराने काउंटरची कड धरली. काल रात्री. म्हणजे तिने मेसेज पुसला त्याच्यानंतर.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहिणीने हॉस्पिटलातून लावला होता, आईच्या कानाशी धरून. उमैरचा आवाज एकदम चढला. "किती वेळा सांगितलं होतं तुला, रात्रभर लावून ठेवू नकोस म्हणून! ऐकतेस कधी? आता भोग!" मग तो फोन कानाशी धरून नुसता उभा राहिला. पलीकडून कुणीतरी बारीक आवाजात बोलत होतं. शांत दुकानात सफूराला शब्द न् शब्द कळला.

"माझंच चुकलं रे. विसरभोळी झाले मी. पोरीने एवढ्या मायेने पाठवली, मी जाळून टाकली. तिला नको सांगू."

उमैरने फोन ठेवला आणि तळहाताने डोळे दाबले. "तू मनाला लावून घेऊ नकोस," तो सफूराला म्हणाला. "तू चांगल्या मनाने दिलीस. तिलाच कळत नाही, त्याला तू काय करणार? उद्याच्या विमानाने जातोय मी."

तो तिचं सांत्वन करत होता! तो गेला, तरी ती तशीच उभी होती.

घरी अब्बा जेवायला बसले होते. सफूराने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मेल, मुदीर, इकामा, पुसलेला मेसेज, उमैरच्या आईचे हात. अब्बांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात न धुताच डाव्या हाताने फोन उचलला आणि म्हसळ्याला आपल्या बहिणीला लावला. तिलाही त्यांनी बत्ती पाठवली होती.

"फातमा, ती बत्ती आहे ना... पीन काढ. आत्ता काढ. माझ्यासमोर काढ. आता बाहेर नेऊन ठेव, घरात नको." पलीकडून हो आलं तसे ते मटकन खाली बसले.

"अब्बा, तुमचा इकामा..."

"माझ्या इकाम्यासाठी लोकांची घरं जाळायची नव्हतीस गो," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जायला सांगतील, तर जाऊ. म्हसळ्यात काय माणसं राहत नाहीत? आता सांग सगळ्यांना."

जेद्दातल्या कोकणी माणसांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. कुठला रस्ता बंद, कुठे कांदा स्वस्त, शाळेची फी किती वाढली, कुणाला इंडियाला जाताना चार किलो जागा आहे... सगळ्या बातम्या त्यावर. सफूराने त्यावर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला. दुकानाचं नाव, बत्तीचं नाव, काय करायचं ते. इथवर सोपं होतं. 'मला आज कळलं' असं म्हणून थांबली असती, तर कुणालाही काही कळलं नसतं. उमैरलाही नाही. तिचा अंगठा रेकॉर्डच्या बटणावर तसाच दाबलेला राहिला आणि ती पुढे बोलली—

"हे मला काल सकाळपासून माहीत होतं. नोकरीच्या भीतीने मी बोलले नाही. काल बोलले असते, तर एका बाईचे हात वाचले असते."

मेसेज गेला. गावोगाव फोन लागले. कुठे भिंतीतली पीन ओढली गेली, कुठे बत्ती पाण्याच्या पिंपात पडली. उमैरचा मात्र फोन आला नाही. दुकानातून सकाळीच निरोप आला, बाप-लेकीने येऊ नये, परत पाठवायचे कागद तयार होत आहेत.

दुपारी अब्बांनी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि उमैर निघायच्या आधी तिला विमानतळावर सोडलं. ते स्वतः उतरले नाहीत.

उमैर दाराशी बॅगेवर बसला होता. तिला बघून उठला, पण पुढे आला नाही.

"शेवटचं तेवढं बोलली नसतीस," तो म्हणाला, "तर मला जन्मात कळलं नसतं."

"म्हणून तर बोलले."

"मी अम्मीला नाही नाही ते बोललो. भोग म्हणालो. आणि तू समोर उभी होतीस... ऐकत होतीस."

"हो."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला. "तूच सांग तिला. माझ्याच्याने होत नाही."

सफूराने फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "कोण? सफूरा? अगो, तुला कळलं वाटतं. माफ कर पोरी, मी तुझी बत्ती—"

"अम्मी, ऐका," ती घाईने म्हणाली, धीर सुटायच्या आत. "बत्तीच खराब होती. तुमची काही चूक नव्हती. कंपनीने कळवलं होतं. मला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं, अम्मी... मी तुम्हाला फोन केला नाही. घाबरले. माझी चूक आहे. तुमची नाही."

सफूराला वाटलं, आता शिव्या येतील. याव्यात, असंही वाटलं.

"म्हणजे," म्हातारीचा आवाज अगदी लहान झाला, "मी विसरभोळी नाही?"

"नाही, अम्मी."

"मी पीन काढली होती की नाही, रात्रभर तेच आठवत होते." ती थांबली. "उमैरला सांग, मला ओरडू नको म्हणावं." आणि मग तिला सफूराचे हुंदके ऐकू गेले असावेत. "तू रडू नकोस हां. तू रडलीस तर मला रडू येईल. माझे डोळे पुसायला हात नाहीत आता."

फोन उमैरने काढून घेतला. "अम्मी," एवढंच तो म्हणाला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बाजूने हाजींचा घोळका गेला, ट्रॉल्या गेल्या. सफूराला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तो हक्क आपण गमावलाय, हे तिला ठाऊक होतं.

तो वळला तेव्हा त्याने डोळे पुसलेही नव्हते.

"मला तू आवडतोस," सफूरा म्हणाली. "आता सांगायला उशीर झाला, कळतंय. तरी सांगते. यापुढे तुझ्यापासून काही लपवून ठेवायचं नाही मला."

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "म्हणूनच तुझा राग जात नाहीये. दुसरी कुणी असती, तर केव्हाच माफ करून मोकळा झालो असतो."

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही." त्याने बॅग उचलली. "तुम्ही दोघंही येणार ना म्हसळ्याला? कागद झाले की?"

"हो."

"तिथून दिघीला एसटी आहे," तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे न बघता, "अम्मीला भरवायला कुणी लागेल. ये... मी घरात असेन, तुझ्याशी बोलेन की नाही ते सांगत नाही. पण ये."